बिनचिठ्ठीच्या दोन गोळ्या

रंगाच्या दुकानात ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांनी आयुष्यात कुणाला एक अक्षर शिकवलेलं नव्हतं. मास्तर होते ते रंगातले. गिऱ्हाइकाला हवी ती छटा हातानं मिसळून द्यायची हे त्यांचं काम, आणि तेहतीस वर्षं एकाच दुकानात, एकाच लाकडी टेबलामागे उभं राहून त्यांनी ते केलं होतं. बाह्या कोपरापर्यंत वर, नखांच्या कडांना कायमचा रंग, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपण सोडून बाकी सगळं जग रंगांधळं आहे.

त्यांची एक खोड होती. ते नमुना बघायचे नाहीत. "मास्तर, मागे जिन्याला दिला होता तोच द्या," एवढं म्हटलं की पुरे. डोळे क्षणभर मिटायचे, मग पांढऱ्या रंगात पिवळ्या मातीच्या दाट रंगद्रव्याचे, म्हणजे स्टेनरचे, अमुक थेंब, काळ्याचा एक, लालचा असून नसल्यासारखा, आणि काठीनं ढवळून डबा पुढं. जुना रंग कुठं संपला आणि नवा कुठं सुरू झाला, हे भिंतीलाही कळायचं नाही. कुणी भिंतीचा पोपडा कागदात बांधून आणला तर मास्तरांना तो अपमान वाटे. दोन वर्षांपूर्वी मालकांनी रंग मिसळणारं यंत्र आणलं, तेव्हा मास्तरांनी पहिल्या दिवसापासून त्याच्यावर आपली टोपी ठेवायला सुरुवात केली. त्या दुकानात यंत्राचा तेवढाच उपयोग झाला.

अशा माणसाला घरी काय कमी असणार, असं लोकांना वाटे. घरी दोन खोल्या होत्या आणि दोन माणसं होती, एका खोलीत एक. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, फोनवर "बाबा, गोळ्या घेता ना?" एवढं विचारण्यापुरती उरलेली. चार वर्षांपूर्वी मास्तरांच्या बायकोच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, स्तन काढावा लागला, आणि घरी आल्यावर झोपेत धक्का लागायला नको म्हणून ती महिनाभरासाठी शेजारच्या खोलीत झोपायला गेली. तो महिना अजून संपला नव्हता.

संपला असता. सहा महिन्यांनी, ती पुन्हा हसायला-बोलायला लागल्यावर, मास्तर एके संध्याकाळी तिच्या खोलीत गेले होते. तिथं त्यांच्या शरीरानं त्यांना दगा दिला. इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. "दमलोय जरा," म्हणून ते उठले आणि स्वतःच्या खोलीत परत आले. ती काही बोलली नाही. ती बोलली नाही याचा अर्थ मास्तरांनी असा लावला, की सुटली बिचारी. एवढं सोसून उठलेल्या बाईला नवऱ्याचा हा ताप कशाला हवा असेल? अर्थ लावतानाही त्यांनी नमुना मागितला नाही.

बरं, सांगायला माणूस नव्हतं असंही नाही. शुगरसाठी ते दर तीन महिन्यांनी डॉक्टरबाईंकडे जात. बाई रिपोर्ट बघत, ब्लडप्रेशर घेत आणि शेवटी न चुकता विचारत, "आणखी काही त्रास?" मास्तर म्हणत, "छे, सगळं झकास." साडेतीन वर्षांत बाईंनी चौदा वेळा विचारलं आणि चौदा वेळा झकास होतं. बाईमाणसापुढे असलं कसं बोलायचं, हे त्यांचं कारण. खरं सांगायचं तर डॉक्टर पुरुष असता तरी त्यांनी आणखी एखादं कारण शोधलं असतं.

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो वळसा मास्तरांनी घेतला दुकानाच्या व्हॅनवाल्याकडून. हा माणूस फटकळ आणि सर्वज्ञ. मास्तरांनी त्याला बाजूला घेऊन, खोकून, घसा साफ करून सांगितलं, की एका ओळखीच्या माणसाला जरा अडचण आहे.

"ओळखीच्या माणसाला सांगा, अडचण सगळ्यांनाच असते," व्हॅनवाला डोळा मारून म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं कागदाच्या पुडीत चार गोळ्या आणून दिल्या. पाकिटाचा नाव आणि तारीख असलेला तुकडा कापलेला होता. "एक घ्यायला सांगा. नाहीच जमलं तर दुसरी. गोळीला काय घाबरायचं, मास्तर?"

मास्तर घाबरले नाहीत. घाबरायला थोडी तरी माहिती लागते.

आता वेळेचा प्रश्न. ती दुपारी तीनला कामावर जायची, हॉस्पिटलच्या धुलाई विभागात, आणि परत यायची ते अकरा वाजता, मास्तर झोपल्यावर. मास्तर सकाळी निघायचे तेव्हा ती झोपलेली असायची. दोघांची गाठ पडायची ती दुपारच्या जेवणाला, तासाभरासाठी. सुट्ट्याही वेगवेगळ्या वारी. तेव्हा जे व्हायचं ते भर दुपारीच, असं ठरवून मास्तरांनी एका मंगळवारी साडेबाराला दुकानामागच्या नळावर एक गोळी गिळली.

घरी येऊन जेवायला बसले. धास्तावलेला माणूस एक तर जेवत नाही, नाहीतर दुप्पट जेवतो. मास्तर दुसऱ्या जातीचे. तीनदा भात घेतला.

"आज भूक बरी आहे," ती म्हणाली.

"हो."

"मोरीतला नळ गळतोय."

"बघतो."

एवढं बोलणं झालं, आणि त्या घरात ते भरपूर समजलं जायचं. दीड वाजला तरी मास्तरांना स्वतःत काही फरक जाणवेना. भरल्या पोटावर गोळी उशिरा काम करते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी मोरीचं दार लावून दुसरी घेतली. अति तेथे माती ही म्हण त्यांना पाठ होती, पण म्हणी माणूस दुसऱ्यांसाठी पाठ करतो.

दोनच्या सुमाराला ती आरशापुढं उभी राहून गणवेशाची बटणं लावत होती. मास्तर मागं जाऊन उभे राहिले. तिच्या मानेवरचा तीळ त्यांनी किती दिवसांनी बघितला. काय बोलावं, पहिलं वाक्य कुठलं, हे ठरेना. शेवटी त्यांनी नुसताच हात उचलला आणि तिच्या खांद्यावर ठेवला.

ती दचकली. वळून तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "काय झालं? बरं वाटत नाही का? चेहरा केवढा लाल झालाय तुमचा!"

नवऱ्यानं खांद्यावर हात ठेवला, तर बायकोला वाटावं की हा आजारी आहे. "चष्मा शोधत होतो," ते म्हणाले.

"कपाळावर आहे," ती म्हणाली. तिनं पर्स घेतली आणि गेली.

गोळ्यांना जाग आली ती त्यानंतर. कान तापले, डोकं ठणकायला लागलं, आणि ज्यासाठी हा सगळा उद्योग केला होता तेही झालं, रिकाम्या घरात, खुर्चीत एकट्या बसलेल्या सत्तावन्न वर्षांच्या माणसाला. मास्तरांना रडू आलं. थोडा वेळ रडले. मग तोंड धुतलं आणि दुकानात गेले, कारण दुकानात निदान कुणीतरी हाक मारणारं होतं.

तिथं पेंटर वाट बघत होता. एका घराच्या बैठकीच्या खोलीसाठी त्याला गेल्या आठवड्यात मास्तरांनी मोतिया रंग करून दिला होता, आणि शेवटच्या भिंतीला डबाभर कमी पडला होता.

"भिंतीचा टवका आणलाय. बघता का?"

"ठेव खिशात," मास्तर म्हणाले.

त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटून तो मोतिया आठवला, डोळे उघडले आणि पांढऱ्याचा डबा फोडला. पांढरा त्यांना निळसर वाटला. कारखान्यात काहीतरी गडबड झाली असणार, असं मनात म्हणून त्यांनी पिवळी माती थोडी वाढवली. तरी निळाई जाईना. आणखी वाढवली. ट्यूबलाइटला एक शिवी दिली आणि आणखी वाढवली. डोक्यातल्या मोतियाशी डब्यातला रंग जुळेपर्यंत ते घालत राहिले. शेजारी टवका धरला असता तर तोही निळाच दिसला असता, आणि दोन निळे एकमेकांशी ताडून रंग बिनचूक जमला असता. पण टवका पेंटरच्या खिशात होता.

साडेचारला पेंटर परत आला. डबा टेबलावर आदळून म्हणाला, "मास्तर, अर्धी भिंत मोत्याची आणि अर्धी काविळीची झाली आहे. घरमालकीण माझ्या अंगावर धावून आली. हे काय दिलंत?"

दुकानातली तीन-चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मालक गल्ल्यावरून उठून आले. मास्तरांनी डब्यात डोकावलं. नजरेतली निळाई आता बरीच उतरली होती आणि रंग त्यांना स्वच्छ दिसला. तेहतीस वर्षांत त्यांच्या हातून असला रंग बाहेर पडला नव्हता. डोळे गेले आपले, असं त्यांना वाटलं. घरातलं गेलं, आता हेही गेलं.

"दुसरा करून देतो," ते कसंबसं म्हणाले, आणि वरच्या फळीवरचा पांढरा काढायला स्टुलावर चढले. डोळ्यांपुढं अंधारी आली. पेंटरनं धरलं म्हणून डोकं फुटलं नाही. खाली बसवलं तेव्हा घामानं शर्ट भिजला होता.

"छातीत?" मालकांनी विचारलं.

"जळजळतंय. जड वाटतंय."

मालक स्वतः हृदयाचे पेशंट आणि मनानं मोठे. त्यांनी शर्टाच्या खिशातून लहानशी बाटली काढली आणि एक गोळी मास्तरांच्या तळहातावर ठेवली. "जिभेखाली धरा. माझा जीव दोनदा वाचवलाय हिनं. विचार करू नका."

विचार करायचं त्राण मास्तरांत नव्हतंच. पण गोळी बोटांतून निसटून जमिनीवर पडली. मालकांनी ती फुंकून पुन्हा त्यांच्या हातात दिली, तेवढ्यात पेंटरनं फोन केलेली मास्तरांची बायको दारातून आत आली. हॉस्पिटल चौकापलीकडेच होतं. ती गणवेशातच धावत आली होती.

"काय देताय ते?"

मालकांनी सांगितलं.

"औषध चांगलंच असेल हो, पण ते तुमचं आहे," ती म्हणाली. हॉस्पिटलात चौदा वर्षं चादरी सांभाळून तिला एवढं कळलं होतं, की एकाची गोळी दुसऱ्यानं विचारल्याशिवाय घ्यायची नसते. तिनं ती मास्तरांच्या हातातून काढून रुमालात बांधली, पेंटरला टॅक्सी थांबवायला सांगितलं आणि त्यांच्या सगळ्या गोळ्या ज्यांना ठाऊक होत्या त्या डॉक्टरबाईंचा दवाखाना नवऱ्याला घेऊन थेट गाठला.

बाईंनी मास्तरांना टेबलावर आडवं केलं, पायांखाली उशी दिली, दाब मोजला. वरचा नव्वदच होता. त्यांच्या कपाळावर आठी पडली. मास्तरांच्या बायकोनं रुमाल सोडला. "मालक ही देत होते. आता देऊ का?"

बाईंनी गोळी बघितली. मग मास्तरांचा लाल चेहरा बघितला. "आज काय काय घेतलंत?"

"शुगरची. आणि काल रात्रीची ती, लघवी अडते त्याची."

"आणखी?"

मास्तरांनी मान भिंतीकडे वळवली.

"नजरेला काही होतंय?"

"दुपारी सगळं निळं निळं दिसत होतं."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्या मास्तरांच्या बायकोकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही दोन मिनिटं बाहेर बसता का?"

ती उठली. का म्हणून विचारलं नाही, चेहऱ्यावर आश्चर्यही नाही. पर्स उचलली, गणवेश सारखा केला आणि दाराकडे निघाली. मास्तर झोपल्या जागेवरून बघत होते. उठून दुसऱ्या खोलीत जायची तिला इतकी सवय झाली होती, की डॉक्टरांनी सांगितलं काय आणि कुणी सांगितलं काय. ती गेली असती तर सगळं सोपं होतं. बाईंच्या कानात सांगून टाकलं असतं, आणि घरी "ॲसिडिटी होती" म्हणून भागलं असतं. आणखी चार वर्षं भागलं असतं.

"तिला राहू द्या," मास्तर म्हणाले.

ती दारात थांबली.

"त्या गोळ्या घेतल्या. पुरुषांच्या. म्हणजे ते होत नाही, त्यासाठीच्या." त्यांनी डोळे छताला लावले होते. "एकीनं काही होईना, म्हणून दोन."

मग बाईंनी मालकांची ती गोळी उचलून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली. "मालकांचं ऐकून ही घेतली असतीत, तर दुकानातच आटोपलं असतं तुमचं," त्या म्हणाल्या. "ही पण रक्तवाहिन्या सैल करते, ती पण करते. दोन्ही एकत्र आल्या की दाब असा कोसळतो की माणूस उठत नाही. त्यात तुमची लघवीची गोळीही दाब उतरवणारी. पुढचे दोन दिवस छातीत कितीही दुखलं तरी जिभेखालची घ्यायची नाही. सरळ हॉस्पिटलात जायचं आणि गेल्यागेल्या काय घेतलंय ते मोठ्यानं सांगायचं. कुणी दिल्या या?"

मास्तरांनी खिशातली पुडी दिली. बाईंनी कापलेलं पाकीट उजेडात धरलं. "यात काय आहे, किती आहे, देव जाणे. किती दिवसांपासून होतंय हे?"

"साडेतीन वर्षं."

"साडेतीन वर्षं मी विचारतेय ना हो तुम्हाला?" बाई चिडल्या होत्या, आणि त्यांचं चिडणं मास्तरांना कसं कोण जाणे, बरं वाटलं. "अहो, शुगरवाल्यांमध्ये हे निम्म्या लोकांना होतं. कधीकधी हृदयाचं दुखणं आधी असंच सांगून येतं. लाज कसली त्यात? औषध आहे, चांगलं आहे, पण ते माझ्या चिठ्ठीवर. आधी तुमचं हृदय बघू दे, शुगर बघू दे, लघवीच्या गोळीशी मेळ घालू दे. मग अगदी कमी ताकदीची देईन. दिवसातून एकच, पोट तुडुंब भरलेलं नसताना, तासभर आधी. आणि नुसत्या गोळीनं काही होत नाही, मनात माणूस असावं लागतं. ताठरता चार तासांवर राहिली किंवा डोळ्याला दिसेनासं झालं, तर घरी विचार करत बसायचं नाही, धावत यायचं. कळलं?"

"कळलं," मास्तर म्हणाले. शाळेतल्या पोरासारखे म्हणाले.

बाईंनी त्यांचा शर्ट काढायला लावला, छातीवर आणि हातापायांना ईसीजीच्या वायरी चिकटवल्या. "दहा मिनिटं असेच पडा. अजिबात हलायचं नाही," असं बजावून पुडी घेऊन त्या बाहेरच्या टेबलाशी फोन करायला गेल्या.

ती स्टुलावर बसली होती. मास्तरांचा ओला शर्ट तिनं मांडीवर घेऊन घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"कोणासाठी?" ती म्हणाली.

मास्तरांना कळलं नाही.

"कोणासाठी घेतल्या?" धुलाई विभागात एखादी चादर कुठं गेली हे विचारावं, तसल्या कोरड्या आवाजात तिनं विचारलं. उत्तर काय येणार, याची तिची तयारी झालेली दिसत होती. आजची नाही, फार आधीची.

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. "अगं, तुझ्यासाठी," ते म्हणाले. "दुसरं कोण आहे मला?"

तिनं घडी घातलेला शर्ट छातीशी धरला. उजव्या बाजूला नाही, डाव्या बाजूला.

"तुम्ही त्या दिवशी उठून गेलात," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला बघवलं नाही."

"दिवा बंद होता गं."

"हाताला लागलं असेल, म्हटलं."

"माझंच काही होत नव्हतं," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, तू सुटलीस. मी आलो नाही तर तुला बरंच वाटत असेल."

ती रडत होती. तिचा हात धरायला मास्तरांचा हात टेबलावरून उचलला गेला, मनगटाची वायर ताणली, आणि त्यांना हलायचं नाही हे आठवलं. तो हात त्यांनी परत खाली ठेवला. ती उठून जवळ आली नाही. बसल्या जागेवरूनच, पदर नव्हता म्हणून नवऱ्याच्या शर्टालाच डोळे पुसत, म्हणाली:

"अहो, मी शेजारच्याच खोलीत होते."